हिरा, माणिक, टीएलडी बॅज, एलईडी: स्फटिकांच्या उजेडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यानांनंतर, मेसेजवर आणि बारावीच्या वर्गांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे मुख्यतः तीन गटांतले: मुंबईच्या झवेरी बाजारातले आणि बीकेसीतले (वांद्रे-कुर्ला संकुल) रत्नांच्या धंद्यातले लोक, रुग्णालयांतले एक्स-रे टेक्निशियन आणि विद्यार्थी. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तरं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. स्फटिकाच्या शिस्तीत जिथे एखादा अणू हरवलेला असतो किंवा परका अणू घुसलेला असतो, तिथून उजेड येतो. याला अपवाद आहेत, ते प्रश्न ८ मध्ये.

१. ल्युमिनेसन्स म्हणजे काय? तापलेलं लोखंडही उजेड देतंच की!

लोखंड उजेड देतं ते तापल्यामुळे. जुन्या पिवळ्या बल्बचंही तेच. त्याची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते, तेव्हा कुठे खोली उजळते. ल्युमिनेसन्समध्ये वस्तू थंडच असते. बाहेरून मिळालेल्या ऊर्जेने एखादा इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत जातो आणि खाली येताना मधला फरक प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपात सोडतो. ही ऊर्जा प्रकाशाने दिली तर फोटोल्युमिनेसन्स, इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने दिली तर कॅथोडोल्युमिनेसन्स (जुन्या डबा टीव्हीचा पडदा), विजेने दिली तर इलेक्ट्रोल्युमिनेसन्स (एलईडी). थर्मोल्युमिनेसन्स हे नाव मात्र फसवं आहे. त्यात उष्णता ऊर्जा पुरवत नाही, आधीच साठलेली ऊर्जा फक्त मोकळी करते. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

२. बँडगॅप म्हणजे काय, आणि तो ‘रुंद’ कधी म्हणायचा?

घन पदार्थात इलेक्ट्रॉनला कुठलीही ऊर्जा घेता येत नाही. बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा एक पट्टा असतो, त्याच्या वर मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा दुसरा, आणि मधल्या जागेत शुद्ध स्फटिकात एकही अवस्था नसते. या रिकाम्या अंतराला बँडगॅप म्हणतात आणि तो इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात.

सिलिकॉनचा बँडगॅप १.१२, झिंक ऑक्साइडचा ३.३ च्या आसपास, गॅलियम नायट्राइडचा ३.४, हिऱ्याचा ५.५, मॅग्नेशियम ऑक्साइडचा ७.८ आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सुमारे ८.८. लिथियम फ्लोराइड तर १३ च्याही वर जातो. ‘रुंद’ ही कायद्याने ठरलेली रेषा नाही. साधारण ३ च्या पुढे, म्हणजे दृश्य प्रकाशाला ओलांडता येणार नाही एवढं अंतर असलं, की रुंद म्हणायची पद्धत आहे.

एक सूत्र पाठ करून ठेवा, पुढे सगळीकडे लागेल: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ३.१, ७०० नॅनोमीटरचा लाल १.७७.

३. रुंद बँडगॅपचे स्फटिक पारदर्शक असतात म्हणता, मग माणिक लाल कसं?

शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइड पाण्यासारखा स्वच्छ असतो, कारण दृश्य प्रकाशाचा एकही फोटॉन ८.८ चं अंतर ओलांडू शकत नाही. सगळा प्रकाश आरपार जातो. त्यात काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियम बसला की त्याच्या स्वतःच्या ऊर्जापातळ्या त्या रिकाम्या अंतरात येतात. क्रोमियम जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग शोषतो, लाल सोडून देतो. तोच स्फटिक, फक्त आत लोह आणि टायटॅनियम असलं की नीलम. म्हणजे रंग पाहुण्याचा, घर एकच.

४. हिऱ्याचा बँडगॅप ५.५ आणि माझ्या अतिनील (यूव्ही) टॉर्चचा फोटॉन ३.४. मग हिरा टॉर्चखाली निळा कसा चमकतो? गणितच बसत नाही.

फार चांगला प्रश्न आहे, आणि तो सगळ्यात जास्त वेळा दागिन्यांच्या धंद्यातली मंडळीच विचारतात, विद्यार्थी नाही.

३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा फोटॉन ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. तो हिऱ्याचा बँडगॅप ओलांडत नाही, ओलांडायची गरजही नसते. बऱ्याच नैसर्गिक हिऱ्यांत एक रिकामी जागा आणि तिच्याभोवती नायट्रोजनचे तीन अणू अशी रचना असते. तिला एन-३ केंद्र म्हणतात. या केंद्राच्या पातळ्या बँडगॅपच्या आत आहेत आणि ४१५ नॅनोमीटरला, म्हणजे सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्याची ओळखरेषा आहे. टॉर्चचे ३.४ त्याला पुरून उरतात. उरलेली ऊर्जा स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांत जाते आणि केंद्र निळा प्रकाश देतं. हिऱ्यातल्या कार्बनच्या बाकी अब्जावधी अणूंना टॉर्चचा पत्ताही लागत नाही.

सर सी. व्ही. रामन यांनी १९४० च्या दशकात बंगळुरूला हिऱ्यांच्या या दीप्तीचा बारकाईने अभ्यास केला होता. एकाच प्रकारचे दिसणारे दोन हिरे इतके वेगळे का चमकतात, हा प्रश्न त्या काळातही होताच.

५. दिलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर येणारा प्रकाश नेहमी ‘लालसर’ बाजूला का सरकतो?

कारण मधे ऊर्जा सांडते. माणिकाचंच उदाहरण घ्या. क्रोमियमने ५५० नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन घेतला, म्हणजे २.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वरच्या रुंद पातळीवर तो क्षणभरही टिकत नाही. जाळीला कंप देत खालच्या एका अरुंद पातळीवर येतो. तिथून मात्र लगेच सुटका नाही. इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) उलटल्याशिवाय खाली येता येत नाही, आणि ते अवघड असल्याने तीन-चार मिलिसेकंद थांबावं लागतं. अणूंच्या जगात हा काळ प्रचंड मोठा. मग ६९४.३ नॅनोमीटरचा गडद लाल फोटॉन सुटतो, १.७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. मधले ०.४६ गेले उष्णतेत.

या थांबण्याचा फायदा थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० ला घेतला. वरच्या पातळीवर इलेक्ट्रॉनांची गर्दी जमवता येते, म्हणूनच पहिला लेझर माणिकाचा झाला.

या लाल रेषेचा आणखी एक उपयोग मला लेझरपेक्षाही आवडतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये एखादा नमुना दाबायचा असेल, तर आतला दाब मोजणार कसा? नमुन्याशेजारी माणिकाचा कण ठेवतात. दाब एक गिगापास्कलने वाढला की रेषा सुमारे ०.३६५ नॅनोमीटर सरकते. लेझर हिऱ्यातूनच आत जातो, उजेड हिऱ्यातूनच बाहेर येतो. दोन रुंद बँडगॅपचे स्फटिक, एक खिडकी आणि दुसरा मापक.

याच्या उलट, कमी ऊर्जेच्या प्रकाशातून जास्त ऊर्जेचा प्रकाश निघू शकतो का, ते प्रश्न २० मध्ये.

६. फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स यांत फरक काय?

व्यवहारात: टॉर्च बंद केल्याबरोबर उजेड गेला तर फ्लुओरेसन्स, मागे रेंगाळला तर फॉस्फोरेसन्स. स्फटिकांच्या बाबतीत मात्र रेंगाळण्याची कारणं दोन आहेत आणि ती मिसळू नयेत. माणिकात खाली येण्याची वाटच अवघड असते (प्रश्न ५). अंधारात तासन् तास चमकणाऱ्या पावडरीत इलेक्ट्रॉन दुसरीकडेच, एखाद्या सापळ्यात (स्फटिकातल्या दोषाच्या जागी) अडकलेला असतो आणि खोलीच्या उबेने हळूहळू सुटतो. अशी पावडर फ्रीजमध्ये ठेवली तर मंद होते आणि जास्त काळ टिकते; हातावर घेतली तर उजळते आणि लवकर संपते. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

७. गाडीला लावतात ते ‘रेडियम’, आणि मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात ते तारे. त्यांत खरंच रेडियम असतं का? घातक आहे का?

नाही, दोन्हींत नसतं. गाडीच्या मागचं ‘रेडियम’ तर ल्युमिनेसन्ससुद्धा नाही. हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारे बारीक मणी किंवा प्रिझम त्यात असतात. प्रकाश टाकला नाही तर ते काळोखच.

छतावरचे तारे खरे चमकतात. जुन्या स्वस्त मालात तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड असायचं, ते थोड्या वेळात विझायचं. १९९० च्या दशकात जपानमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम घातलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आलं आणि चित्र बदललं. हे ऑक्साइड ५२० नॅनोमीटरच्या आसपास हिरवा उजेड देतं आणि रात्रभर दिसतं. त्याला पाणी सोसत नाही. उघडी पावडर मुंबईच्या पावसाळ्यात ठेवली तर खराब होते, म्हणून ती प्लास्टिकमध्ये किंवा लेप दिलेली घ्यावी.

रेडियमचा रंग घड्याळांच्या काट्यांवर खरोखर लावत असत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आजोबांचं तसं एखादं घड्याळ घरात असेल तर ते उघडू नका, काट्यांवरचा रंग खरवडू नका.

८. म्हणजे पूर्ण शुद्ध, निर्दोष स्फटिक कधीच चमकत नाही?

इथे माझ्याच सुरुवातीच्या वाक्याला मुरड घालावी लागते. तीन अपवाद.

पहिला, एक्सायटॉन. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना ओढतात आणि जोडीने फिरतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. झिंक ऑक्साइडमध्ये ती ६० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेली असते, गॅलियम नायट्राइडमध्ये साधारण २५ ने. खोलीच्या तापमानाची उष्णता २६ इतकी. म्हणून गॅलियम नायट्राइडमधली जोडी मुंबईच्या खोलीत सहज तुटते, झिंक ऑक्साइडमधली टिकून राहते आणि ३८० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश देते.

दुसरा, स्वतःच अडकलेला एक्सायटॉन. आयोडाइड, क्लोराइड आणि क्वार्ट्झसारख्या पदार्थांत जाळी मऊ असते. कापसाच्या गादीवर बसलं की बसल्या जागी खळगा पडतो, तसा होल आपल्याभोवतीचे अणू सरकवून स्वतःच खळगा करतो आणि त्यात रुततो. इलेक्ट्रॉन त्याच्याकडे येतो आणि उजेड निघतो, बाहेरचा एकही अणू नसताना. मात्र खळगा करण्यात बरीच ऊर्जा गेलेली असल्याने हा उजेड बँडगॅपपेक्षा खूप कमी ऊर्जेचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो थंडीतच नीट दिसतो.

तिसरा, टंगस्टेट. कॅल्शियम टंगस्टेटमध्ये टंगस्टन आणि चार ऑक्सिजन यांचा गटच चमकतो, आणि तो गट तर स्फटिकाचाच भाग. एक्स-रेच्या फिल्मला उजेड वाढवून देणारे पडदे अनेक दशकं याचेच होते.

९. बारावीच्या पुस्तकात एफ-सेंटर आहे. मीठ पिवळं होतं एवढंच लिहिलंय. पुढे काय?

मिठाचा स्फटिक सोडियमच्या वाफेत तापवला की काही क्लोरीनच्या जागा रिकाम्या होतात आणि त्या प्रत्येक जागेत एकेक इलेक्ट्रॉन जाऊन बसतो. अणू नाही, फक्त जागा आणि तिच्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन. मिठात तो निळा प्रकाश शोषतो म्हणून स्फटिक पिवळा दिसतो, पोटॅशियम क्लोराइडमध्ये जागा मोठी असल्याने शोषण पिवळ्या-हिरव्याकडे सरकतं आणि स्फटिक जांभळा होतो. जागा मोठी तर ऊर्जा कमी, हे डब्यातल्या कणाचं गणित इथे डोळ्यांना दिसतं. परीक्षेत लिहा, परीक्षक खूश होतो.

ऑक्साइडमध्ये गंमत वाढते, कारण ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेत दोन इलेक्ट्रॉन राहतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडमधलं असं केंद्र २०५ नॅनोमीटरला शोषतं आणि ४२० नॅनोमीटरला निळा-जांभळा उजेड देतं. सहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन तीन परत. निम्मी ऊर्जा जाळीच्या हलण्यात संपली. हा उजेड ३५ मिलिसेकंद रेंगाळतो. कार्बनच्या सान्निध्यात वाढवलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये ही केंद्रं मुद्दाम भरपूर करतात. कशासाठी ते प्रश्न १५ मध्ये.

१०. प्रॅक्टिकलला झिंक ऑक्साइड गरम केलं की पिवळं होतं आणि थंड झाल्यावर पांढरं. हे ल्युमिनेसन्स आहे का?

नाही. पावडर स्वतः प्रकाश देत नाही, तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला जांभळा-निळा भाग खाते. तापल्यावर बँडगॅप थोडा आक्रसतो आणि ३.३ हा आकडा मुळातच दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्यावर असल्याने तेवढं आक्रसणं पुरतं. शिवाय गरम असताना थोडा ऑक्सिजन सुटतो, तोही रंगाला हातभार लावतो. पाठ्यपुस्तकं फक्त ऑक्सिजनचं कारण देतात. प्रश्नपत्रिकेत तेच लिहा.

झिंक ऑक्साइडचं खरं ल्युमिनेसन्स पाहायचं तर अंधारात अतिनील प्रकाशाखाली बघा. बऱ्याच नमुन्यांत हिरवट उजेड दिसतो. तो ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेचा, झिंकच्या रिकाम्या जागेचा की तांब्याच्या अंशाचा, यावर अनेक दशकं वाद झाला आहे. माझं मत विचाराल तर वेगवेगळ्या नमुन्यांत कारणं वेगवेगळी आहेत, आणि एकच दोषी शोधण्याच्या हट्टामुळे वाद लांबला.

११. पांढऱ्या एलईडीत पांढरा प्रकाश कुठून येतो?

पांढरी एलईडी मुळात निळी असते. बंद पडलेला बल्ब उघडून पाहा (आधी सॉकेटमधून काढा): पट्टीवर पिवळे ठिपके दिसतील. तो पिवळा लेप म्हणजे सिरियम घातलेला यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, एक ऑक्साइड. खालची गॅलियम नायट्राइडची चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते. काही निळा लेपातून तसाच बाहेर येतो, काही सिरियम शोषून रुंद पिवळ्यात बदलतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा. चिपमधली निळी एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

स्वस्त बल्बखाली भाजी आणि साड्यांचे लाल रंग मेल्यासारखे दिसतात, कारण या मिश्रणात गडद लाल कमी असतो. दादरला साडी घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघणाऱ्या बायका अगदी योग्य करतात.

१२. फॉस्फरमध्ये (एलईडीच्या पिवळ्या लेपासारख्या चमकणाऱ्या पदार्थात) चमकणारा घटक जास्त घातला तर जास्त उजेड मिळेल ना?

एका मर्यादेपर्यंतच. चमकणारे अणू जवळ जवळ आले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जाते आणि शेवटी उजेड न देणाऱ्या एखाद्या खराब जागेवर पोहोचून उष्णता होते. म्हणून प्रमाण बहुधा शेकडा एक ते पाचच्या घरात ठेवतात. तापमानाचंही तसंच: फॉस्फर खूप तापला की इलेक्ट्रॉनला उजेड न देता खाली येण्याची वाट सापडते.

१३. झवेरी बाजारात एकाने टॉर्च मारून सांगितलं, ‘माणिक लाल चमकतंय, म्हणजे अस्सल.’ आणि हिऱ्याचं काय?

माणिकाबद्दलचा हा सल्ला धोकादायक आहे. चमक क्रोमियमची असते, आणि क्रोमियम कारखान्यातही तोच. ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची व्हर्न्युईची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. त्या मालात लोह नसतं म्हणून तो उलट जास्तच भडक चमकतो. लोह चमक विझवतं. म्यानमारच्या मोगोकचं लोह कमी असलेलं माणिक छान चमकतं, थायलंडचं लोहयुक्त माणिक अस्सल असूनही जवळजवळ काळं राहतं. म्हणजे ‘चमकतं ते खरं’ आणि ‘चमकत नाही ते खोटं’, दोन्ही चूक. टॉर्चने एवढंच कळतं की आत क्रोमियम आहे आणि लोह फार नाही. बाकी काम सूक्ष्मदर्शकाचं आणि प्रयोगशाळेचं.

हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर फ्लुओरेसन्सचे शेरे असतात, अजिबात नाही पासून अतितीव्रपर्यंत. तीव्र निळी चमक असलेल्या वरच्या रंगाच्या (जवळजवळ रंगहीन) हिऱ्याला बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये भाव कमी मिळतो, कारण काही हिरे त्यामुळे उन्हात दुधाळ दिसतात. पण सगळे दिसत नाहीत, आणि किंचित पिवळसर हिरा तर या निळ्या चमकेने पांढरा भासतो. हिरा स्वच्छ दिसत असेल तर कमी भावाचा फायदा गिऱ्हाइकाने घ्यावा, असं माझं मत.

प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे ओळखायला आखूड अतिनील वापरतात, आणि त्यामागे बँडगॅपच आहे. २२५ नॅनोमीटरपेक्षा आखूड प्रकाशाचा फोटॉन ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ओलांडतो, त्यामुळे हिरा तो पृष्ठभागातच गिळतो. चमक फक्त वरच्या थरातून येते आणि हिरा कसा वाढला त्याची नक्षी स्पष्ट दिसते. नैसर्गिक हिऱ्याची आणि यंत्रात वाढलेल्याची नक्षी वेगळी असते. वायूतून थर चढवून केलेल्या हिऱ्यांत अनेकदा नारिंगी चमक दिसते, नायट्रोजन आणि रिकाम्या जागेच्या जोडकेंद्रामुळे. बोरॉनचा अंश असला तर दिवा बंद केल्यावरही चमक मागे राहते. गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला होप हिरा अशा दिव्यानंतर लाल निखाऱ्यासारखा राहतो.

१४. आमच्या एक्स-रे विभागात अंगावर पडलेली किरणं मोजायला टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्स डोसिमीटर) बॅज देतात. हा बॅज ‘मोजतो’ कसा? आत बॅटरी तर नाही.

आत टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या, डिस्प्रोशियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन पातळ चकत्या असतात, धातूच्या पट्टीवर बसवलेल्या. भारतात हा बॅज तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केला.

किरणं चकतीतून गेली की इलेक्ट्रॉन आणि होल सुटे होतात. बरेचसे लगेच एकमेकांना परत मिळतात, काही मात्र बँडगॅपच्या आतल्या खोल सापळ्यांत अडकतात. जितकी किरणं जास्त, तितके अडकलेले जास्त. रुंद बँडगॅप लागतो तो इथे. सापळा एवढा खोल हवा की मे महिन्यातल्या उकाड्यातही तीन महिने इलेक्ट्रॉन सुटता कामा नये, सिलिकॉनच्या १.१२ मध्ये एवढी खोली आणायची कुठून? बॅज परत गेल्यावर चकत्या गरम नायट्रोजनच्या झोतात तापवतात. २२० अंशांच्या आसपास अडकलेले सुटतात, ऊर्जा डिस्प्रोशियमला मिळते आणि तो निळा-पिवळा उजेड देतो. उजेड मोजला की डोस कळतो.

चकत्या तीन कशासाठी? एकीवर धातूचं फिल्टर, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी उघडी. तिघींच्या उजेडाच्या गुणोत्तरावरून किरणं क्ष, गॅमा की बीटा होती आणि किती ऊर्जेची होती याचा अंदाज येतो. म्हणून कार्ड होल्डरमध्ये उलटं घातलं तर सगळा हिशेब चुकतो. नेहमी दिसणाऱ्या चुका आणखी दोन: बॅज शिसाच्या ॲप्रनच्या वर लावणं (छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा असतो) आणि ड्यूटी संपल्यावर तो एक्स-रेच्या खोलीतच टांगून जाणं. मग भिंतीचा डोस तुमच्या नावावर चढतो. कामगारांसाठी भारतातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०.

१५. आकड्यावर शंका आली तर तोच बॅज परत वाचता येतो का?

साध्या अर्थाने नाही. तापवलं की सापळे रिकामे होतात. वाचणं आणि पुसणं एकाच वेळी होतं. वाचताना उजेडाचा आलेख नोंदलेला असतो, त्याच्या आकारावरून चकतीवर मळ होता का, वाचन नीट झालं का हे तपासता येतं.

उष्णतेऐवजी प्रकाशाने सापळे उघडायची पद्धतही आहे. प्रश्न ९ मधला कार्बनयुक्त ॲल्युमिनियम ऑक्साइड त्यासाठी वापरतात: हिरवा प्रकाश द्यायचा, निळा मोजायचा. थोडाच प्रकाश दिला तर थोडेच सापळे रिकामे होतात, म्हणून तोच नमुना पुन्हा वाचता येतो. वाळू शेवटचं ऊन कधी पाहिलं हेही असंच क्वार्ट्झच्या कणांवरून काढतात. उन्हाने सापळे रिकामे होतात, गाडली गेल्यावर मातीतल्या किरणोत्साराने पुन्हा भरू लागतात.

१६. पेट स्कॅनमध्येही स्फटिक असतात म्हणे. ते कोणते? आणि बँडगॅप जितका रुंद तितका उजेड जास्त का?

उलट. या स्फटिकांचं काम गॅमा किरणाच्या ऊर्जेचा उजेड करणं, आणि तो इलेक्ट्रॉन-होल जोड्यांतून येतो. एक जोडी करायला बँडगॅपच्या दोन ते तीन पट ऊर्जा खर्च होते. म्हणजे अंतर रुंद असलं की तेवढ्याच ऊर्जेत जोड्या कमी. थॅलियम घातलेल्या सोडियम आयोडाइडचं पाहा, १९४८ मध्ये हॉफस्टॅटर यांनी पुढे आणलेला स्फटिक. बँडगॅप ५.९, एका जोडीला साधारण १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एका गॅमा किरणातून फार तर ६५-७० हजार फोटॉन निघतील; प्रत्यक्षात सुमारे ३८ हजार मिळतात. हा स्फटिक हवेतली ओल पितो, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या डब्यात सीलबंद येतो. मुंबईत सील गेलं की तो पिवळा पडायला वेळ लागत नाही.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जी पेट यंत्रं असतात, त्या प्रकारच्या यंत्रांत सहसा ल्युटेशियमचे ऑक्साइड स्फटिक असतात. ते जड, ओलीला न भिणारे आणि ४० नॅनोसेकंदांत उजेड देऊन मोकळे होणारे. ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन किरण एकाच क्षणी आले की नाही हे ठरवायचं असल्याने चपळाई महत्त्वाची.

चपळाईचं टोक म्हणजे लेड टंगस्टेट. उजेड अगदी तुटपुंजा, पण जवळजवळ लगेच. जिनिव्हाजवळच्या सीएमएस प्रयोगात याचे ७५,८४८ स्फटिक आहेत. कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसी या प्रयोगात सहभागी आहेत.

१७. गॅलियम ऑक्साइडचा बँडगॅप ४.८ च्या पुढे आहे. मग त्याची अतिनील एलईडी का करत नाहीत?

कारण त्यात होल चालतच नाही, तो स्वतः केलेल्या खळग्यात रुततो (प्रश्न ८). एलईडीला एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने होल आणावे लागतात. होल हलत नसेल तर जोड जमत नाही. त्याच कारणाने या स्फटिकाचा उजेड २५५ नॅनोमीटरला, म्हणजे बँडगॅपच्या काठाला, मिळत नाही. तो बराच खाली, ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास रुंद पसरलेला असतो. बँडगॅप मोठा म्हणजे उजेडही तेवढ्या ऊर्जेचा, हे गृहीत धरू नका. उच्च दाबाच्या विजेच्या उपकरणांसाठी मात्र या स्फटिकाकडे मोठ्या आशेने पाहिलं जातं, तिथे एकट्या इलेक्ट्रॉनने भागतं.

१८. लॅमिंग्टन रोडवरून यूव्ही टॉर्च घ्यायची आहे. ३६५ की ३९५?

३६५, आणि पुढे काळी काच असलेली. ३९५ स्वस्त असते, पण तिचा जांभळा प्रकाश डोळ्याला दिसतो आणि मंद चमक त्यात बुडते. शिवाय फोटॉन ३.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे काही केंद्रांना कमीच पडतो. अंधारात पाच-दहा मिनिटं डोळे सरावू द्या, टॉर्च कुणाच्या तोंडाकडे धरू नका. २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा या कामाला आणू नका. तो डोळे आणि कातडी भाजतो.

१९. नोटेवरचा नंबर आणि पांढरा शर्टही टॉर्चखाली चमकतात. तेही हेच?

शर्टावर रानीपालसारख्या सेंद्रिय रेणूंची चमक असते, नोटेच्या नंबरावर चमकणाऱ्या शाईची. इलेक्ट्रॉन वर जाऊन खाली येतो इथपर्यंत साम्य. पट्टे, जाळी, सापळे यांचा संबंध नाही. नोटेचा कागद स्वतः मात्र चमकू नये. सगळी नोट निळी-पांढरी झाली तर संशय घ्या.

२०. इन्फ्रारेड लेझरचा ठिपका एका कार्डावर हिरवा दिसतो. प्रश्न ५ मधला नियम मोडला की काय?

मोडला नाही. हिरवा फोटॉन एका इन्फ्रारेड फोटॉनमधून निघत नाही, दोन-तीन फोटॉनांची ऊर्जा एकत्र होते. अशा कार्डांत अनेकदा यट्टर्बियम आणि अर्बियम असतं. यट्टर्बियम ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो आणि शेजारच्या अर्बियमला देतो. अर्बियमची मधली पातळी बराच वेळ टिकते, तेवढ्यात दुसरा हप्ता येतो, आणि तो वरून हिरवा सोडतो. दोन हप्ते मिळून २.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हिरव्या फोटॉनचे साधारण २.३, बाकीचे नेहमीप्रमाणे उष्णतेत. लेझर निम्मा केला तर हिरवा उजेड निम्मा नाही, साधारण चौथाईवर येतो. दोन फोटॉन लागतात याची तीच खूण.

हिरव्या लेझर पॉइंटरचा प्रकार याहून वेगळा आहे. तिथे १०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता एका स्फटिकात दुप्पट होऊन ५३२ मिळते, इलेक्ट्रॉन कुठेही थांबत नाही, त्यामुळे त्याला ल्युमिनेसन्स म्हणत नाहीत. स्वस्त पॉइंटरमध्ये इन्फ्रारेड अडवणारं फिल्टर कधी कधी नसतंच, म्हणून त्याचा ठिपका डोळ्यांत जाऊ देऊ नका, हिरवा कितीही मंद दिसला तरी.